तांदळाच्या डब्यातले सेन्सर

पणदरे, गौरी-विसर्जनानंतर

प्रिय उत्कर्षा,

तुझे मेसेज मिळाले. सगळे एकाच चालीचे. सेन्सर ऑफलाइन का दाखवतायत, बॅटऱ्या काढल्यात का, लगेच चालू करा. पूर्वी तू निदान जेवलात का एवढं तरी विचारायचीस. आता कारखान्यातला शिफ्ट इंजिनिअर आम्हाला बोलायचा तसं मला बोलतेस. तर सांगतो, चारही सेन्सर तांदळाच्या डब्यात आहेत. मीच बॅटऱ्या काढून ते तिथं ठेवलेत. मोबाइल भिजला की तांदळात पुरायचा, हे तूच मला शिकवलं होतंस. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र शेवटपर्यंत वाच. फोन हाताशी असताना हा म्हातारा कागद काळे का करतोय असं तुला वाटेल. फोनवर तू भराभरा बोलतेस आणि मी सगळ्याला बरं बरं म्हणून मोकळा होतो. कागदावर तसली पळवाट नाही.

तू वैशाखात हे सेन्सर घेऊन आलीस, तेव्हा मी तुला हसलो होतो. चुन्याच्या डबीएवढी पांढरी वस्तू, तिच्या पोटाला दोन बारीक पितळी टोकं. त्या टोकांना पाणी लागलं की इथं शिट्टी वाजणार आणि बंगळुरात तुझ्या फोनवर निरोप येणार. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हणालो आणि ऋषिराजरावांना वाटलं सासऱ्यानं त्यांनाच टोमणा मारला. बिचारे शिडीवर उभे राहून वायफायचा डबा ठोकत होते. पण तुझं बरोबर होतं. त्याच्या आधीच तुझी आई मागच्या दारी नळ सोडून आत गेली, टाकी रिकामी होईस्तोवर पाणी घरात फिरलं आणि त्याच पाण्यावरून ती घसरली. मनगटावर भागलं. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा पडू देऊ नका, खुब्याचं हाड गेलं तर उठणं अवघड. तेव्हापासून तुला आणि मला एकच काम, तिला ओल्या फरशीवर पाय टाकू द्यायचा नाही.

ती नळ विसरते असं तू म्हणतेस. मी तुझ्याशी याच्यावर भांडलोय आणि अजून भांडतो. विसरत नाही ती, मुद्दाम सोडते. तुझा जन्म झाला तेव्हाची आपली आळी तुला आठवणार नाही. पंचायतीचं पाणी एकाआड एक दिवस, ते सकाळी येईल की तिन्हीसांजेला हे सोडणाऱ्यालाच ठाऊक. मग बायका काय करायच्या, नळाची तोटी उघडीच ठेवायच्या आणि खाली पत्र्याचा डबा पालथा घालायच्या. पाणी आलं की डबा वाजायचा. तुझ्या आईचा डबा सगळ्यात मोठ्यानं वाजायचा आणि डबा वाजला की ती दारात येऊन आळीला हाळी द्यायची. नळ आला गं! मग शेजारची अक्काबाई, पलीकडच्या भिमाची आई, सगळ्या हंडे घेऊन बाहेर. शेळगावला तिच्या माहेरी लहानपणी पाण्याला लांब जावं लागायचं, त्यामुळं पाणी आलं आणि आपण घरात बसून राहिलो ही तिला जन्माची भीती. तू टाकी बांधलीस, नळाला चोवीस तास पाणी आलं. पण तिच्या डोक्यातला नळ अजून एकाआड एक दिवसाचाच आहे. ती तोटी उघडून ठेवते आणि पाणी यायची वाट बघत आत जाऊन बसते. पाणी आधीच आलेलं असतं, एवढंच तिला कळत नाही.

उन्हाळ्यात सेन्सरनं काम चोख केलं. तू सांगून गेल्याप्रमाणं मी दर आठवड्याला ओलं बोट त्या टोकांना लावून बघायचो. लाल दिवा लुकलुकायचा. नळ उघडा राहिला की अक्काबाई धावत येऊन तिच्या बाप्यासारख्या जाड आवाजात मला सांगायची, मी जाऊन तोटी बंद करायचो. एकदा मी तिला म्हणालोसुद्धा, अगं तुला घरात बसून कसं कळतं? ती माझ्याकडं विचित्र बघत राहिली. मला वाटलं म्हातारी चहाची वाट बघतीय, म्हणून चहा टाकला.

पुढं पावसाळा लागला आणि सगळं बिघडलं. तू उंटावरून शेळ्या हाकतेस, म्हणून तुला इथली हवा सांगतो. घराच्या तीन बाजूंना ऊस. आडसाली, डोक्याच्या वर गेलेला. कालव्याच्या पाण्याची पाळी चालू असली की रानात पाणी, पाटात पाणी, आणि वाऱ्याला आत यायला वाट नाही. सकाळी मोरीतल्या फरशीला घाम सुटतो. भिंतीला हात लावला तर हात ओला. मीठ डब्यात पाणी होतं, काडी पेटत नाही, धुतलेलं लुगडं तीन दिवस दोरीवर कुबट वास मारत लोंबतं. अशा हवेत त्या पितळी टोकांखाली घामाचा एक थेंब जमला की सेन्सरला वाटायचं पूर आला. तुझ्या फोनवर दिवसभर निरोप. तू मीटिंगमधून उठून फोन करायचीस, मी म्हणायचो, काही नाही, सगळं कोरडं आहे. तू म्हणायचीस असावं दमटपणामुळं. निदान तुझ्या आईनं माझ्या कानाशी लागून तुझं म्हणणं मला तसं सांगितलं.

मग तू दुसरे पाठवलेस. त्यांच्याबरोबरचा कागद मी चष्मा लावून पुरता वाचला. टोकांवर पाणी जरा वेळ टिकलं तरच वाजायचं, नुसत्या घामाला वाजायचं नाही, असे ते होते. एकाला लांब दोरीसारखी वायर, ती भिंतीच्या कडेनं फिरवायची. सिंकच्या खाली वायरवाला, मोरीत, मागच्या नळाशी आणि वॉशिंग मशीनखाली साधे. तू लिहून पाठवलंस तसं सगळं केलं. न्हाणीच्या वाफेपासून लांब ठेवले. खाली फरशीचा तुकडा घालून जरा उंच केले. सकाळ-संध्याकाळ कोरड्या फडक्यानं टोकं पुसली. चार दिवस बरे गेले, मग पावसाची झड लागली आणि पुन्हा तेच. उंच ठेवले तर खरं पाणी पोचायच्या आत ते अर्ध्या घरात पसरायचं, खाली ठेवले तर घामानं बोंब. बारामतीच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, तात्या, हे बंद फ्लॅटसाठी हाय, तुमच्या घरात वारं पण ओलं. त्याच्याकडं तिसरं काही नव्हतं.

आणि या सगळ्यात माझी वेगळीच तक्रार होती. मी तुला एकदा लिहिलंही होतं की यांचा आवाज बसलाय. दिवा लागतो पण शिट्टी वाजत नाही. अक्काबाई म्हणायची, वाजतंय की, गोठ्यातली गाय बिचकती. मी म्हणायचो, तुझे कान वाजतायत. मी एक सेन्सर उघडून उन्हात वाळवला, जाळीत फुंकर मारली, दुधाच्या गाडीवाल्या सोपानला, अक्काबाईच्या थोरल्याला, दाखवला. त्यानं ओलं बोट लावलं, सेन्सर कानापासून लांब धरला आणि तोंड वाकडं केलं. मला म्हणाला, चांगला हाय की. मला वाटलं आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय. दमट हवेनं माणसाचा घसा बसतो, तसा यंत्राचा बसला असणार, अशी मी माझी समजूत करून घेतली.

नागपंचमीच्या सुमारास तुझा फोन आला. तुझ्या बढतीचं त्याच आठवड्यात कळणार होतं, म्हणून मी वाटच बघत होतो. मी देवापुढं साखर ठेवली. त्यानंतर तू बढतीचं अवाक्षर काढलं नाहीस. मोठ्या खुर्चीतलं माणूस कमी बोलतं, तसं असेल म्हटलं. फोनही थांबले, नुसते सेन्सरचे मेसेज यायला लागले. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

आता तुझ्या आईचं ऐक. तू शिट्टी लावलीस ती धोका आहे म्हणून. पण ज्या बाईनं सारा संसार पालथ्या डब्याच्या आवाजावर केला, तिला त्या शिट्टीचा एकच अर्थ लागला. नळ आला. शिट्टी वाजली की ही आनंदानं उठायची, घागर घ्यायची, पदर खोचायची आणि दारात जाऊन हाळी द्यायची. आळीत आता घरोघर टाक्या आहेत, कोण कशाला येतंय. अक्काबाई मात्र यायची, रिकामी कळशी घेऊन. तिच्या घरी नळ वाहतोय, तरी ती माझ्या दारात येऊन रांगेत उभी राहायची. दोघी भरल्यासारखं करायच्या आणि हसायच्या. तुझी आई त्या दिवसांत इतकी खुशीत असायची की मला वाटलं, लागेना का दिवा खोटा, तिला तर बरं वाटतंय. हे तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच तिसरे सेन्सर पाठवले असतेस.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी लाइट सकाळपासून नव्हती. वायफाय बंद, म्हणून तुझ्या फोनवर त्या दिवसाचं काहीच नाही. मोटार चालेना, टाकी तळाला गेलेली. दुपारी अशी कोंदट हवा होती की श्वास घेतला तरी पाणी प्यायल्यासारखं वाटावं. तुझी आई आत आडवी झाली होती. मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो, पाठ घराकडं. मोरीचं दार माझ्या मागं, हात लांब केला तर लागेल असं. शेंगा फोडता फोडता मला जरा बरंही वाटत होतं की आज घर किती शांत आहे. पाटी भरली म्हणून उठलो, आत गेलो, तर अंथरूण रिकामं. मागचं दार उघडं. नळाची तोटी पुरती सोडलेली, पण नळ कोरडा. कोनाड्यातली कळशी जागेवर नव्हती.

मी आळीत गेलो, अक्काबाईकडं गेलो, तिच्या घराला कुलूप. देवळाकडं गेलो. उसाच्या बांधावर उभा राहून हाका मारल्या. मारल्या खऱ्या, पण त्या उसातून कुणी ओ दिली असती तरी मला कळलं असतं का, हे आता मला माहीत नाही. कोणत्या बाजूला जावं तेच सुचेना, म्हणून मी परत घरी आलो आणि दारात उभा राहिलो. एवढा बाप्या माणूस मी, दारात नुसता उभा राहिलो गं.

सोपाननं तिला आणलं. दुधाची गाडी घेऊन तो कालव्याच्या रस्त्यानं येत होता. कालवा काठोकाठ वाहत होता आणि तुझी आई धुण्याच्या पायरीवर, घोट्याच्या वर पाण्यात, कळशी बुडवत उभी. नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा नळ नव्हते, ती त्याच पायरीवर पाणी भरायची. घरात शिट्टी वाजली, म्हणजे पाणी आलं. नळ बघितला तर कोरडा. मग पाणी आलं म्हणजे ते कालव्यालाच आलं असणार. तिचा हिशेब सरळ होता. पायरीवर शेवाळ होतं आणि कळशी भरली की ओढती. सोपाननं मागून दंडाला धरलं नसतं तर पुढचं मी लिहीत नाही.

ती गाडीतून उतरली ती भरली कळशी कडेवर घेऊनच. माझ्याजवळ आली, माझ्याकडं बघून काहीतरी बोलली आणि रागानं आत गेली. मी सोपानच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं मला मोठ्यानं परत सांगितलं, "काकी म्हणत्यात, कवाच्या हाका मारतीया ह्यास्नी, एक हंडा तरी उचलू लागायचा व्हता."

मग तो मोरीकडं बघत जरा दबकत म्हणाला, "तात्या, त्ये यंत्र अजून बोंबलतंय. तुमाला खरंच ऐकू येत न्हाय?"

मी वळून बघितलं. मोरीच्या उंबऱ्याआड लाल दिवा लुकलुकत होता. खाली फरशीवर पाण्याचा टिपूस नव्हता, नुसता घाम. मी सेन्सर उचलला, कानाला लावला. हाताला तो थरथरलेला कळत होता. आवाज नाही. अक्काबाईची गाय पलीकडं हंबरली, ती मला ऐकू आली. सोपानची गाडी ऐकू आली. त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला. फक्त तो सेन्सर नाही आणि तुझी आई नाही.

सोपान मला बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. जाड आवाज राहिलेत, बारीक गेलेत, असं ते म्हणाले. ट्रॅक्टर, भोंगा, बाप्यांचं बोलणं चालतं, म्हणून माणसाला आपलं काही बिघडलंय असं वाटतच नाही. शिट्ट्या, पाखरं, बायका-पोरींचे आवाज आधी जातात. कारखान्यात जन्म गेला, तिथं आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो, मला वाटायचं जगच हळू बोलायला लागलंय. त्यांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते घातलं की ताटं-वाट्या डोक्यात आदळतात, पण तुझ्या आईचं बोलणं नुसतं किचकिच होतं, शब्द लागत नाहीत. वेळ झाला म्हणे फार. वर त्यालाही आपली हवा सोसत नाही. घाम आत गेला की बंद पडतं, उतरवलं की डबीत वाळवत ठेवायचं. मी ते तांदळाच्या डब्यातच ठेवतो, तुझ्या सेन्सरांच्या शेजारी.

तर असं आहे. सेन्सर चालू ठेवावेत तर दमटपणाला वाजतात आणि तुझी आई कळशी घेऊन कालव्याला निघते. बंद ठेवावेत तर नळ उघडा राहतो, घरात पाणी होतं आणि ती पडेल. मागच्या दाराला मी कडी घालून बसतो, तर ती आतून हाका मारत राहते आणि मला ते दार हललेलं दिसतं तेव्हा कळतं. तिला ऐकू येतं पण उमजत नाही. मला उमजतं पण ऐकू येत नाही. दोघं मिळून एक माणूस होतो, तोही धड नाही. इथं न वाजता तुझ्याकडं आणि सोपानच्या फोनवरच वाजणारे, मला नुसता दिवा दाखवणारे सेन्सर मिळत असतील तर बघ. नसतील तर काय करायचं ते मला खरंच कळत नाही, उत्कर्षा. तू म्हणशील तसं करू. बंगळूरला या म्हणालीस तर येऊ.

पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, हे पत्र सेन्सरसाठी लिहिलेलं नाही. पाठीमागं बोंबलणारं यंत्र ज्याला ऐकू येत नाही, त्याला आणखी काय काय ऐकू आलं नसेल, हे त्या दिवसापासून मला खातंय. नागपंचमीच्या वेळचा तुझा तो फोन. तुझ्या आईनं तो घेतला होता. ऐकता ऐकता ती खाली बसली, तिनं डोळ्याला पदर लावला, काही बोलली, आणि फोन माझ्या हातात दिला. आनंदानं रडतीय असं मला वाटलं. तू बराच वेळ बोलत होतीस, उत्कर्षा. मला त्यातला एक शब्द कळला नाही. वर्षभर मी तुझे फोन असेच घेतोय, तुझ्या आईचं तोंड बघायचं आणि अंदाजानं बोलायचं. बढतीच असणार असं धरून मी म्हणालो, वा, फार छान झालं, देवानं ऐकलं. तू लगेच फोन ठेवलास. त्यावर मी साखर ठेवली. कालव्यावरून आल्यावर मी तुझ्या आईला जवळ बसवून, हातवारे करून विचारलं, पोरगी त्या दिवशी काय म्हणाली? तिनं माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाला तोंड लावून सांगितलं, "लई रडत व्हती. म्या बी रडले. का त्ये न्हाय आठवत." ऋषिराजरावांचं काही होतं का, तुझ्या तब्येतीचं होतं का, आणखी काही होतं, मी किती अंदाज करू. काय झालं होतं ते मला लिहून पाठव. सगळं लिही, हातचं राखू नकोस. मोठं अक्षर काढायची गरज नाही, डोळे अजून चांगले आहेत.

तुझाच,
तात्या